हवालदारांनी निवडलेली केबल

अकरा फूट लांब, शिसपेन्सिलीएवढी जाड आणि उन्हानं कातडी भेगाळलेली अशी मी एक केबल आहे, मित्रांनो. तुम्ही मला रस्त्यात पडलेली पाहिली असती, तर दोरीचा तुकडा समजून पायानं बाजूला सारलं असतं. त्यात तुमची चूक नाही. एक अख्खं घर पाच वर्षं मला दोरीच समजत होतं.

पण मी दोरी नाही. माझ्या अगदी मध्यभागी तांब्याची एक बारीक तार आहे. तिच्याभोवती पांढऱ्या प्लॅस्टिकचा जाड थर आहे. त्या थरावर केसासारख्या तांब्याच्या तारांनी विणलेली जाळी आहे, आणि सगळ्यांवर हे काळं आवरण. कारखान्यात मला विणणारं यंत्र गरागरा फिरायचं. तिथल्या बाया जाळीवरून बोट फिरवून पाहायच्या. एक जरी तार सुटलेली दिसली, तरी यंत्र थांबवायच्या. तेव्हा मला वाटायचं, एवढी काळजी कशासाठी?

कशासाठी ते फौजेत कळलं. लाकडी रिळावर गुंडाळून मला पूर्वेच्या सरहद्दीवर नेलं. एका हिरव्या गाडीत बिनतारी यंत्र होतं आणि गाडीबाहेर उंच खांब होता. यंत्रापासून खांबापर्यंत मी. माणूस यंत्रापाशी बोलायचा आणि त्याचा आवाज माझ्या अंगातून जाऊन आभाळात निघून जायचा. आभाळातून उत्तरही माझ्याच अंगातून यायचं. एकाहत्तरच्या लढाईत मी चौदा दिवस जागी होते. माझ्यातून काय काय गेलं ते मला सांगता येणार नाही, कारण अंगातून जाणारे शब्द केबलला कळत नाहीत. तिला फक्त थरथर कळते.

लढाई संपली. पुढं जुन्या सामानाचा लिलाव झाला आणि मी पुण्याच्या जुन्या बाजारात येऊन पडले. तिथून मला मिरजेच्या चिंतामणरावांनी उचललं.

चिंतामणरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान मिरज स्टेशनच्या रस्त्याला आहे. पुढं दुकान, मागं घर आणि त्यामागं परसू. रेडिओ कसाही बिघडलेला असो, चिंतामणराव त्याला बोलता करत. पण त्यांना एक वेड लागलं होतं, टेलिव्हिजनचं. तेव्हा कार्यक्रम मुंबईचे आणि पुण्याचे. साताऱ्यात उंच बांबू लावला, तर कधीमधी माणसांचे चेहरे दिसतात, असं लोक सांगत. मिरजेपर्यंत काहीच पोचत नव्हतं. तरी चिंतामणरावांनी पुण्याहून लाकडी दारांचा टेलिव्हिजन आणला, छपरावर साठ फुटी पाइप उभा केला आणि अख्ख्या गल्लीला बोलावलं. पडद्यावर पांढऱ्या मुंग्यांशिवाय काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी मुंग्या. महिन्यानंही मुंग्याच.

"काय चिंतामणराव, आज मुंग्यांनी काय काम केलं?" असं रस्त्यावरून जाणारे विचारू लागले. चिंतामणरावांनी टेलिव्हिजनची लाकडी दारं लावली आणि त्यावर घड्याळ ठेवलं.

मला त्या पाइपासाठीच आणलं होतं. पण टेलिव्हिजनच्या मागच्या दोन स्क्रूंना चपटी तार सोयीची पडते म्हणून त्यांनी तीच वर नेली आणि मी खुंटीवर राहिले. एके दिवशी त्यांच्या पत्नी विनोदिनीबाईंनी मला काढलं, परसातल्या दोन खांबांना बांधलं आणि माझ्यावर ओली धोतरं वाळत घातली. जिच्यातून माणसांचे आवाज आभाळात जात होते, ती मी धोतरांनी वाकले. रडावंसं वाटलं, मित्रांनो. पण पुढं सवय झाली.

असं अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं. आता आकाराम हवालदारांची गोष्ट सांगते, पुढं दुकानात मला ऐकू आली तशी.

आकाराम हवालदार कोरेगावकडचे. वीस वर्षं ते फौजेत होते. तारा टाकायच्या, तुटल्या तर जोडायच्या, हे त्यांचं काम. पेन्शन घेऊन ते गावी आले, ऊस लावला. त्या हिवाळ्यात गुऱ्हाळावर चरकात ऊस सारताना त्यांचा उजवा हात ओढला गेला. बैल जागच्या जागी थांबले म्हणून मनगट वाचलं. मनुबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, हाताला लुगड्याचा पदर गुंडाळला आणि आगगाडीत बसवून त्यांना मिरजेच्या दवाखान्यात आणलं.

मोठ्या डॉक्टरांनी तीन वेळा चिरफाड करून हात शिवला. हाडं जुळली, जखमाही भरल्या. पण बोटं हलेनात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं झालं होतं, आणि अंगठा व त्याच्याजवळची दोन बोटं लाकडासारखी ताठ झाली होती, कारण हवालदार ती हलवायला तयारच नव्हते. हलवली की कळ डोक्यात जाई. हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात उमाताई होत्या. त्या रोज रबरी चेंडू घेऊन यायच्या, शाडूचा गोळा घेऊन यायच्या.

"हवालदार, फक्त चिमटीत धरा. एवढंच."

हवालदार भिंतीकडे तोंड करून झोपायचे. दोन महिने ते कुणाशी धड बोलले नव्हते. मनुबाईंशीसुद्धा नाही.

मग मोठ्या डॉक्टरांनी मनुबाईंना बाहेर बोलावून सांगितलं, "चैत्र संपेपर्यंत वाट पाहू. तोवर अंगठा आणि बोट एकमेकांना भेटलं नाही, तर ती दोन बोटं काढावी लागतील. ताठ बोटं मधे येतात, मग उरलेला हातही कामाचा राहत नाही."

मनुबाईंनी विचारलं, "काढल्यावर परत येत्यात का वो?" मग त्यांचं त्यांनाच कळलं आपण काय विचारलं, आणि त्या पदर तोंडाला लावून जिन्यावर बसून राहिल्या.

त्याच आठवड्यात मनुबाईंचा धाकटा भाऊ कृष्णात आला. त्यांचं माहेर माणातलं, दहिवडीच्या बाजूचं. तिकडची माणसं मुंबईला कामाला जातात. कृष्णात तर मुंबईच्याही पुढं गेला होता, जहाजाच्या इंजिनखान्यात. सिंगापूरहून त्यानं एक चपटं काळं खोकं आणलं होतं. खोक्याला दोन वायरी आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला एक गोल बटण.

"दाजी, ह्यो गेम हाय," तो हवालदारांच्या खाटेवर बसून म्हणाला. "टेलिव्हिजनला जोडायचा. पडद्यावर चेंडू येतो आन् बटण फिरवलं की आपली फळी वर-खाली जाती. जहाजावर सगळी खलाशी मंडळी येडी झाल्ती बघा. एकच घोटाळा झालाय. जोडायची केबल उंदरांनी खाल्ली."

हवालदारांनी खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण उमाताई तिथं उभ्या होत्या. त्यांनी ते बटण अंगठा आणि दोन बोटांत धरलं, हळूच फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग त्या कृष्णातला म्हणाल्या, "मिरजेत टेलिव्हिजन कुणाकडे आहे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला लालासाहेबांचा टांगा आमच्या दुकानापुढं थांबला. उमाताई, मनुबाई, कृष्णात आणि गळ्यातल्या झोळीत हात घातलेले हवालदार उतरले. परसाचं दार उघडं होतं. माझ्या अंगावर चिंतामणरावांचे तीन सदरे होते आणि त्यांच्या फटीतून मला सगळं दिसत होतं.

हवालदारांना स्टुलावर बसवून उमाताईंनी काय हवं ते सांगितलं. चिंतामणरावांनी टेलिव्हिजनवरचं घड्याळ काढलं, दारं उघडली, काच पुसली. "बाई, या पडद्यावर आजपर्यंत काहीही आलेलं नाही, हे आधीच सांगतो," ते म्हणाले.

"चेंडू येईल," कृष्णात म्हणाला. "त्याला मुंबई लागत न्हाई, पुणं लागत न्हाई. ह्या खोक्यातनंच येतो."

आता केबल निवडायची होती. चिंतामणरावांनी प्रथम साधी पिळाची वायर जोडली, दिव्याला लावतात तशी. खोक्यातून टुक टुक आवाज आला आणि पडद्यावर मुंग्यांच्या गर्दीत काहीतरी पांढरं पोहत गेलं. चेंडू कुठला आणि फळी कुठली, ओळखू येईना. मग त्यांनी टेपरेकॉर्डरची बारीक वायर लावली. चित्र आलं, पण राखेतून पाहावं तसं मळकट. मग छपरावरची चपटी तार कापून आणली. तिनं मात्र चांगला उजेड पाडला. दोन फळ्या दिसल्या. पण एकेका फळीच्या शेजारी तिचीच पुसट सावली, आणि कुणी तारेजवळून गेलं की सगळं चित्र लाटेवर हलल्यासारखं हलायचं. रस्त्यानं मोटारसायकल फटफटत गेली तेव्हा तर आडव्या रेघांनी पडदा भरून गेला.

"एवढंच होईल," चिंतामणराव खाली मान घालून म्हणाले. उमाताईंनी हवालदारांकडे पाहिलं. चेंडू कुठं आहे तेच दिसलं नाही, तर माणूस बटण फिरवणार कशाला?

तेव्हा स्टुलावरून आवाज आला.

"ही न्हाई चालायची. जाळीची पायजे."

मनुबाई दचकून वळल्या. दोन महिन्यांत हवालदारांनी स्वतःहून काढलेले ते पहिले शब्द होते.

"जाळीची म्हणजे?" उमाताईंनी विचारलं.

"आतल्या तारंभवती जाळी असती, ती. आतलं बाहीर सांडत न्हाई आन् बाहीरचं आत शिरत न्हाई. ह्या चपटीला काय अंगरखाच न्हाई, कुणीबी येतंय आन् धक्का मारतंय." हवालदार परसाच्या दाराकडे पाहत होते. ते उठले. डाव्या हातानं त्यांनी एक सदरा बाजूला सारला आणि मला धरलं. अंगठा माझ्या आवरणावरून फिरला. "ही बघा. हिच्यावर धोतरं वाळत घालताय व्हय?"

मित्रांनो, पाच वर्षांत मला कुणी असं धरलं नव्हतं. दोरी धरतात ती ओढायला. हवालदारांनी मला धरलं ते ओळखीच्या माणसाचा हात धरावा तसं.

विनोदिनीबाई ओशाळल्या. "अहो, मला काय माहीत! खुंटीवर लोंबत होती."

"आवं, तुमची काय चूक. पर मधली घ्या, खांबाजवळची नको. तिथं पाणी मुरलं आसंल. धा-अकरा फूट बास." चिंतामणरावांनी मला कापलं, दोन्ही टोकं सोलली. हवालदार शेजारी बसून सांगत होते. "जाळी कापू नका. मागं उलटी करा. पिळा. आतली तार आन् जाळी एकमेकांस्नी शिवता कामा न्हाई, न्हाईतर सगळंच बोंबललं." एका टोकाला ग्रामोफोनला असते तशी पिन बसली. दुसऱ्या टोकाला जुळवणीची एक छोटी डबी लागली आणि ती टेलिव्हिजनच्या दोन स्क्रूंना गेली.

कृष्णातनं खोकं चालू केलं.

माझ्या अंगात थरथर शिरली. पाच वर्षं विसरलेली थरथर! फौजेत होती तशी नव्हे, वेगळीच. एकसारखी, नेमकी, टोकदार. मी ती जशीच्या तशी पलीकडे नेली, एक कणही सांडू दिला नाही.

पडदा काळाभोर झाला. मुंग्या गेल्या. त्या काळ्यावर मधोमध तुटक पांढरी रेघ उमटली. डावीकडे एक फळी, उजवीकडे एक फळी. आणि एक लहानसा चौकोनी पांढरा ठिपका अंधारातून निघाला, सरळ गेला, भिंतीला लागला, टुक, आणि परत फिरला.

चिंतामणराव उभे होते ते खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विनोदिनीबाईंनी नकळत पदर खांद्यावर घेतला. लालासाहेब टांगेवाले घोडा सोडून दारात आले होते. त्यांनी वहाणा बाहेर काढल्या आणि आत येऊन हळूच विचारलं, "हे आत्ता कुठं चाललंय?"

"हितंच," कृष्णात म्हणाला. त्यानं बटण फिरवलं. फळी वर गेली, खाली आली.

"तू फिरवलंस म्हणून गेली?"

"व्हय."

लालासाहेबांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "काचंच्या आतलं हाताला ऐकतंय! लय झालं गड्या." आणि तिथंच जमिनीवर मांडी घालून बसले.

मी तुम्हाला खरं सांगते, एका ठिपक्याचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण तो ठिपका त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं पाहिला आणि लोक घरी गेले ते हळू आवाजात बोलत गेले.

दुसऱ्या दिवसापासून खरं काम सुरू झालं. चार वाजता टांगा यायचा. हवालदारांच्या उजव्या हातात एक बटण आणि समोर दुसरं बटण घ्यायला कुणीतरी. उमाताई म्हणाल्या, "मनुबाई, तुम्ही घ्या."

"मी? मला काय येतंय त्यातलं!"

"जात्याचा खुंटा फिरवता ना? तसंच."

पहिले आठ दिवस हवालदारांचा एकही चेंडू परत गेला नाही. ताठ बोटं बटणावर नुसती टेकलेली असत. ते खांद्यापासून सगळा हात हलवायचे, तोवर ठिपका निघून जायचा. दोनदा त्यांनी चोरून डावा हात लावला आणि उमाताईंनी तो बाजूला केला. घामानं त्यांचा सदरा भिजायचा. तरी चार वाजले की ते टांग्याची वाट पाहत दवाखान्याच्या पायरीवर बसलेले असायचे.

मनुबाई मात्र तरबेज झाल्या. आणि मग त्या मुद्दाम चेंडू सोडू लागल्या. दोन दिवस हवालदारांनी ते चालवून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बटण मांडीवर टाकलं.

"खोटं खेळू नगंस माझ्यासंगं."

"मी कुठं..."

"तुझी फळी चेंडूच्या वाटंवर हुती. तू ती काढून घेतलीस. माझी कीव करतीस व्हय?"

मनुबाई लाल झाल्या. दोन महिने गिळलेलं सगळं त्यांच्या तोंडावर आलं. "मग तुमी खरं खेळा की! दोन महिनं भिंतीकडं बघत पडलाय. मी तिथं जिन्यावर बसून रडती, ते कुणाला दिसतंय? ती दोन बोटं काढनार हैत, ठावं हाय का तुमास्नी?"

हवालदारांना ते ठाऊक नव्हतं. मनुबाईंनी कुणालाच सांगू दिलं नव्हतं. ठिपका आपला एकटाच भिंतीवर आपटत राहिला, टुक, टुक.

हवालदारांनी मांडीवरचं बटण परत उजव्या हातात घेतलं. मग म्हणाले, "लाव परत. आन् सोडू नगंस."

त्यानंतर मनुबाईंनी एकही चेंडू सोडला नाही. हवालदार रोज हरत होते, पण हरता हरता अंगठा हलू लागला. आधी केसभर. मग गव्हाच्या दाण्याएवढा. एका दुपारी फळी वर सरकली आणि चेंडू परत गेला. तेव्हा हवालदारांनी पडद्याकडे पाहिलंच नाही, ते अंगठ्याकडेच बघत राहिले.

तरीही अंगठा आणि बोट एकमेकांना भेटत नव्हतं. मधे दोन बोटं बसतील एवढं अंतर राहायचं. उमाताई शाडूचा गोळा पुढं करत आणि हवालदार मान हलवत. चैत्र सरत आला. गुरुवारी मोठे डॉक्टर हात पाहणार होते.

मंगळवारी दुकानात खूप गर्दी झाली. मागच्या लोकांना दिसेना म्हणून चौघं-पाचजण बाकावर चढले. बाक कलंडला आणि त्याचा पाय नेमका माझ्या अंगावर आला. मला आत काहीतरी तुटल्याचं कळलं. थरथर तिथपर्यंत आली आणि तिथंच विझली. पडद्यावर मुंग्या उसळल्या.

चिंतामणराव सामान आणायला पुण्याला गेले होते, ते गुरुवारी परतणार होते. विनोदिनीबाईंनी मला उचललं, वाकवून पाहिलं. "हे पुण्याहून परत येईपर्यंत काही व्हायचं नाही," त्या म्हणाल्या. लोक चुकचुकले आणि एकेक करून निघून गेले. गुरुवारच्या आधी दोनच दुपारी हाताशी होत्या.

"द्या हिकडं," हवालदार म्हणाले.

ते जमिनीवर बसले. मला त्यांनी मांडीवर आडवं घेतलं आणि डाव्या हातानं चाचपत तुटलेली जागा शोधली. "हितं गेली. आतली तार तुटली, जाळीबी चेंबली. बाई, ब्लेड द्या. आन् कथलाची इस्त्री तापाय लावा."

डाव्या हातानं त्यांनी आवरणावर गोल चीर दिली. काळं कातडं सोललं. जाळी मोकळी झाली. आता बारीक बारीक तारा वेगळ्या करून मागं वळवायच्या होत्या. ते डाव्या हाताला जमेना, कारण डाव्यानं मला धरून ठेवलं होतं.

आणि हवालदारांनी उजवा हात पुढं केला.

कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं लक्षही नव्हतं. ते जाळीत पूर्ण बुडाले होते, ओठ मुडपून, डोळे बारीक करून, वीस वर्षं जसे बसत आले तसे. आधी बोटाचं टोक आलं, थंडगार. मग दुसऱ्या बाजूनं अंगठा आला. माझ्या दोन केसांएवढ्या तारा त्यांच्यामधे सापडल्या आणि अंगठा त्यांच्यावर मिटला.

मित्रांनो, माझ्यातून लढाईतले आवाज गेले आहेत, काचेच्या आत उजेड पाडणारी थरथर गेली आहे. पण त्या चिमटीत जे होतं, तसं मी कधीही अनुभवलेलं नाही. ती चिमूट कापत होती. आत काहीतरी दोन्ही बाजूंनी ढकलत होतं, एकमेकांकडे येत होतं, जणू दोन माणसं डोंगराच्या दोन अंगांनी बोगदा खणत होती आणि आत्ता एकमेकांचा आवाज ऐकत होती.

मनुबाईंच्या ते आधी लक्षात आलं. त्यांचं तोंड उघडलं. उमाताईंनी झटकन त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि मान हलवली. बोलू नका. विनोदिनीबाई डाग द्यायची तापलेली इस्त्री हातात घेऊन होत्या तिथंच उभ्या राहिल्या. हवालदारांनी एक चिमूट मागं वळवली. दुसरी वळवली. पाच, सहा. आतल्या तारेची दोन टोकं एकमेकांवर पिळली. कथलाचा डाग दिला, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. जाळी पुन्हा पुढं ओढून पिळली.

"दोरा," ते हात पुढं करून म्हणाले.

मनुबाईंनी मेण लावलेला दोरा त्या हातावर ठेवला, उजव्याच. हवालदारांनी तो दोन बोटांत धरला, माझ्याभोवती गुंडाळायला सुरुवात केली, आणि चौथ्या वेढ्याला त्यांचा हात थांबला.

त्यांनी हाताकडे पाहिलं. दोरा चिमटीत होता.

"मनू," ते म्हणाले. मनुबाईंना ते कधी चारचौघांत नावानं हाक मारत नसत. "मनू, ह्यो हात बघ की."

"बघतीया," मनुबाई म्हणाल्या. "कवापास्नं बघतीया."

मग ते रडले. फौजेतला माणूस, गळ्यात झोळी, मांडीवर मी, असे ते लहान मुलासारखे रडले आणि रडतारडता त्यांनी दोरा सोडला मात्र नाही. राहिलेले वेढे पूर्ण केले, गाठ मारली, दातांनी दोरा तोडला.

गुरुवारी मोठ्या डॉक्टरांनी टेबलावर एक कोरं पोस्टकार्ड ठेवलं आणि ते उचलायला सांगितलं. हवालदारांनी कार्डाची कड चिमटीत धरली आणि उचललं. डॉक्टरांनी हात उलटा केला, सुलटा केला, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग त्यांनी कागदावरची एक ओळ खोडली. हे मला उमाताईंनी चिंतामणरावांना सांगितलं तेव्हा कळलं.

सगळा हात काही पूर्वीसारखा झाला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडंच राहिलं. पण हवालदार स्वतःचा पटका बांधू लागले, दावं सोडू लागले, आणि ज्येष्ठात मनुबाईंबरोबर आगगाडीनं गावी गेले. कृष्णात जहाजावर परतला. जाताना काळं खोकं उमाताईंच्या हवाली करून गेला. चिंतामणरावांनी टेलिव्हिजन टांग्यात घालून दवाखान्यात पोचवला. म्हणाले, "मिरजेला कार्यक्रम दिसायला लागले की परत मागेन." अजून मागितलेला नाही.

तेव्हापासून मी इथं आहे. रोज नवी माणसं येतात. कुणाचा हात भाजलेला, कुणाचा यंत्रात सापडलेला. खोकं चालू करण्याआधी उमाताई मला त्यांच्यापुढं धरतात. माझ्या मधोमध दोऱ्याच्या वेढ्यांचा एक ओबडधोबड फुगवटा आहे, तो चिमटीत धरायला सांगतात. मागच्या महिन्यात दवाखान्याचा वायरमन आला होता. "बाई, हा जोड फार बेढब दिसतो. कापून नवीन पिन टाकू का?" असं त्यानं विचारलं. उमाताईंनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला पायाखाली घेऊ नका. काढताना पिनेला धरून काढा, वायरीला हिसका देऊ नका. तिच्या आत जाळी असते, ती कुणीतरी एकेक तार पाहून विणलेली असते. आणि कधी मिरजेला आलात, तर खिडकीखालच्या टेबलापाशी या. हात धडधाकट असले तरी तो फुगवटा एकदा चिमटीत धरून पाहा. शेवटचे वेढे थोडे वाकडेतिकडे लागतील. ते घालताना हवालदारांचे डोळे भरलेले होते.